मार्सेयला दोन दिवस, सोबत आई-बाबा: काय बघायचं, काय सोडायचं?

ऋता_डेल्फ्ट

नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे नेदरलँड्सला येतायत. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही सगळे पॅरिसला जाणार आणि तिथून खाली दक्षिणेला. नवऱ्याचं म्हणणं सरळ नीस गाठू, किनारा छान आहे, आई-बाबांना निवांत बसता येईल. पण बाबांनी तिकीट काढायच्या आधीपासून एकच लावून धरलंय, फ्रान्सला येतोय तर मार्सेलिस बघितल्याशिवाय परत जाणार नाही. का ते तुम्हाला सांगायला नको. शाळेच्या पुस्तकात वाचलेली सावरकरांची ती उडी त्यांच्या डोक्यात साठ वर्षं आहे आणि ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे.

आता अडचण अशी की ज्याला विचारावं तो म्हणतो घाणेरडं शहर आहे, पाकीटमार आहेत, अर्धा दिवस ठीक, राहू नका. आईचे गुडघे दुखतात, चढ आणि पायऱ्या जमत नाहीत, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, मासे तर दूरच, अंडंही नाही. आणि मी नकाशा बघितला तर शहर सगळं टेकड्यांवर. दोन दिवस द्यावेत का? दिले तर काय बघावं आणि ती सावरकरांची जागा नेमकी कुठे आहे, तिथे काही स्मारक वगैरे आहे का? कुणी राहून आलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

अवनी_प्रोव्हान्स

ऋता, मी इथेच राहते, नोकरीसाठी आले आणि रमले, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटलं तर वाटू दे. दोन दिवस नक्की द्या. अर्ध्या दिवसात लोक स्टेशनवरून उतरतात, बंदरावर एक फोटो काढतात, ऊन आणि गर्दी बघून वैतागतात आणि मग सगळीकडे सांगत सुटतात की काही नाही तिथे. हे शहर फ्रान्समधलं सगळ्यात जुनं आहे, इसवी सनपूर्व 600 च्या आसपास आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून, फोकेया नावाच्या गावातून ग्रीक दर्यावर्दी आले आणि त्यांनी इथे मासालिया वसवलं. तेव्हापासून आजपर्यंत इथे माणसं समुद्रावरूनच येत राहिली, इटालियन आले, आर्मेनियन आले, कॉर्सिकाचे आले, अल्जीरिया ट्युनिशिया कोमोरोसचे आले, आणि इथलेच झाले. ते सगळं रस्त्यावर दिसतं, खाण्यात दिसतं. म्हणून मला हे शहर आवडतं.

आता गुडघ्यांचं. पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे वेगवान रेल्वेने, साधारण सव्वातीन तासात सेंट शार्ल स्टेशनला याल. स्टेशनच्या समोर तो प्रसिद्ध मोठा जिना आहे, 104 पायऱ्या, वरून शहर सुंदर दिसतं, बघा आणि तिथूनच मागे फिरा, उतरू नका. मेट्रो स्टेशनच्या खालीच आहे, एम वन पकडली की दुसरा स्टॉप जुनं बंदर. हॉटेल बंदराच्या आसपासच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालेल, कारण आईला दुपारी खोलीवर येऊन पडता आलं पाहिजे.

सकाळी लवकर बंदराच्या टोकाला मासेबाजार भरतो, तो बघाच. आई शाकाहारी असली तरी वाऱ्यामुळे वास फार जाणवत नाही, आणि नाहीच आवडलं तर तिथे बाजूला आरसाछत आहे त्याच्याखाली बसू द्या. नॉर्मन फॉस्टरने 2013 साली केलेलं साधं सपाट स्टीलचं छत, खालून इतकं चकचकीत की वर बघितलं की अख्खं बंदर, बोटी आणि आपण उलटे दिसतो. मासेबाजार म्हणजे मोजकीच टेबलं असतात, निळे उथळ ट्रे, त्यात समुद्राचं पाणी, रात्री जे जाळ्यात आलं तेवढंच. लाल काटेरी रास्कास नावाचा मासा असतो, चेहरा अगदी रागावलेला, बाई त्याला हातमोजा न घालता मानेपाशी उचलते, मोठ्या कात्रीने कल्ले आणि पर कचाकच कापते आणि त्याच वेळी शेजारणीशी मोठमोठ्याने बोलत असते. तिथे दहा मिनिटं नुसतं उभं राहा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, नाही विचारलं तर ओरडतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

मग बंदराच्या उत्तरेच्या बाजूने सपाट रस्त्याने चालत जायचं. टाऊन हॉल दिसेल, सतराव्या शतकातला. त्याच्या आजूबाजूच्या पिवळसर दगडी इमारती मात्र सगळ्या एका वयाच्या, 1950 च्या सुमाराच्या. कारण जानेवारी 1943 मध्ये जर्मनांनी, फ्रेंच पोलिसांची मदत घेऊन, हा अख्खा भाग वेढला, वीस हजारांवर माणसं घराबाहेर काढली, शेकडो ज्यूंना इथून मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवलं आणि मग फेब्रुवारीत सुमारे 1500 इमारती सुरुंग लावून उडवल्या. टाऊन हॉल आणि मोजकी जुनी घरं तेवढी ठेवली. त्यातलं एक ओतेल द काब्र, 1535 चं, शहरातलं सगळ्यात जुनं घर, ते तर 1954 मध्ये नवीन रस्त्याच्या रेषेत बसावं म्हणून आख्खंच्या आख्खं उचलून नव्वद अंशात फिरवलं. कोपऱ्यावर आहे, लोक त्याला टेकून फोनवर बोलत असतात आणि त्यांना पत्ताच नसतो.

पानिए म्हणजे उरलेली जुनी वस्ती वर टेकडीवर आहे, तिथे जायला बंदराकडून चढ आणि पायऱ्या आहेत. पण आईसाठी एक युक्ती सांगते जी पर्यटकांना बहुधा माहीत नसते. सरळ म्युसेमला जा, ते काळ्या जाळीदार काँक्रीटचं म्युझियम, रुदी रिचियोत्तीने बांधलेलं, 2013 मध्येच उघडलं. आत लिफ्ट आहे, गच्चीवर जायला तिकीट लागत नाही. गच्चीवरून समुद्राच्या वरून एक लांब अरुंद पूल सेंट जाँ किल्ल्यात जातो, आणि किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी एक पूल सेंट लोराँ चर्चच्या अंगणात, आणि ते चर्च म्हणजे पानिएचं तोंड. म्हणजे मोठा चढ लिफ्टने गेला. किल्ल्यात थोडा चढउतार आहे पण बसायला जागा भरपूर आणि बाग छान आहे. म्युसेम मंगळवारी बंद असतं आणि महापालिकेची म्युझियम्स सोमवारी, त्यामुळे येण्याचे वार बघून ठरवा.

पानिएत व्हिएई शारिते चुकवू नका. सतराव्या शतकात गरिबांना रस्त्यावरून उचलून कोंडून ठेवायला बांधलेली इमारत, गुलाबी छटेच्या दगडाची, तीन मजली कमानींची, मध्ये अंगण आणि अंगणात लंबगोल घुमटाचं चॅपेल, पिएर प्युजे नावाच्या इथल्याच शिल्पकाराने केलेलं. इतक्या क्रूर कामासाठी इतकी देखणी वास्तू का बांधली असेल हे मला दर वेळी छळतं. संध्याकाळच्या उन्हात जा.

सावरकरांच्या जागेबद्दल इथे शेखर यांना जास्त माहिती आहे, त्यांनी लिहावं.

गिरगावचा_शेखर

अवनीताईंनी नाव घेतलं म्हणून लिहितो, माझा जुन्या आगबोटींचा अभ्यास आहे आणि मार्सेयला मी त्याच ओढीने गेलो होतो.

ऋता, पहिली गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा, ती जागा जुन्या बंदरात नाही. सगळे मराठी लोक जुन्या बंदरावर उभे राहून पाण्याकडे बघतात आणि मनात नमस्कार करतात, पण मोठ्या आगबोटी तिथे लागतच नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेला जोलिएतपासून पुढे नव्या गोद्या बांधत गेले, 1869 ला सुएझ कालवा उघडला आणि मार्सेय पूर्वेकडे जाण्याचं दार झालं. मुंबईहून येणारी मंडळी कितीतरी वेळा इथेच उतरायची आणि पुढे रेल्वेने पॅरिस, कॅले, लंडन करायची, म्हणजे बोटीचे बरेच दिवस वाचायचे. गांधीजी गोलमेज परिषदेला जाताना 11 सप्टेंबर 1931 ला राजपुताना बोटीतून इथेच उतरले होते. तेव्हा बाबांना म्हणावं, जोलिएतच्या गोदीकडे बघताना फक्त एका माणसाची नाही, आपल्या कितीतरी माणसांची वाट दिसते.

आता मूळ घटना. सावरकरांना मार्च 1910 मध्ये लंडनला व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलं, 1 जुलैला मोरिया बोटीवर चढवून हिंदुस्थानात खटल्यासाठी धाडलं, बोट 7 जुलैला संध्याकाळी मार्सेयला आली आणि 8 तारखेला सकाळी संडासाच्या पोर्टहोलमधून त्यांनी स्वतःला बाहेर काढलं. आता इथे थोडं परखड लिहितो, राग मानू नका. आपल्याकडे चित्रात खवळलेला समुद्र, मागून गोळ्या, मैलोगणती पोहणं असं असतं. बोट बंदरात होती, पोहायचं अंतर थोडं होतं. मला वाटतं त्यामुळे गोष्ट लहान होत नाही, उलट नीट समजते. त्या माणसाचा हिशोब पोहण्याचा नव्हताच, कायद्याचा होता. फ्रान्सच्या जमिनीवर पाय टेकला की मी फ्रान्सच्या कायद्यात आलो, इंग्रज पोलिस मला इथून उचलू शकत नाहीत. धक्क्यावर चढून ते पळाले आणि फ्रेंच पोलिस शिपायाच्या हातात सापडले, आणि त्याने काही न समजता त्यांना परत बोटीवर पोचवलं. तिथे गोष्ट फिरली. मादाम कामा वगैरे मंडळी मदतीला येणार होती पण वेळेत पोचली नाहीत असं आठवणींमधून येतं.

पुढचं बाबांना नक्की सांगा कारण हे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. फ्रान्समध्ये यावर मोठी ओरड झाली, कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने ल्युमानिते या वर्तमानपत्रातून प्रश्न लावून धरला की आपल्या भूमीवर आश्रयाला आलेल्या राजकीय माणसाला परत दिलंच कसं. शेवटी इंग्लंड आणि फ्रान्स हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. 24 फेब्रुवारी 1911 ला निकाल लागला, की अटक करून परत देण्यात नियमबाह्य प्रकार झाला हे खरं, पण म्हणून इंग्लंडने कैदी परत केलाच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. निकाल लागेपर्यंत इकडे खटले उरकून दोन जन्मठेपा झालेल्या होत्या. आजही आंतरराष्ट्रीय कायदा शिकणाऱ्या मुलांना हा खटला सावरकर केस म्हणूनच शिकवतात.

आणि तुम्ही डेल्फ्टला राहता म्हणजे हेग तुम्हाला हाकेच्या अंतरावर. बाबांना पीस पॅलेस दाखवा, तो लवाद आज तिथे बसतो. फक्त निकाल त्या इमारतीत लागलेला नाही, पीस पॅलेस 1913 ला उघडला. पण मार्सेय आणि हेग दोन्ही एका ट्रिपमध्ये दाखवलं तर उडी आणि निकाल दोन्ही बघून झाले.

आता प्रत्यक्ष जायचं कसं. मेट्रो एम टू ने जोलिएत, स्टेशनवरून दुसराच स्टॉप. बाहेर पडलात की ले दॉक नावाची लांबच लांब जुनी गोदामं दिसतील, 1860 च्या आसपासची, 365 मीटर लांब, आता आत दुकानं आणि ऑफिसं आहेत. बाहेर लोखंड, पत्रे आणि जुने आकडे बरेच ठेवलेत, आत कॉफी प्या, बाबांना त्या भिंती दाखवा, त्या 1910 ला तिथेच होत्या. पुढे धक्क्यावर आत सोडत नाहीत, कस्टम आणि सिक्युरिटी आहे, कॉर्सिका आणि उत्तर आफ्रिकेच्या फेरीबोटी तिथून सुटतात. मला तिथे कुठेही स्मारक किंवा पाटी दिसली नाही, त्यामुळे त्या आशेने बाबांना फिरवू नका. सगळ्यात चांगलं म्हणजे अवनीताईंनी सांगितलेल्या म्युसेमच्या गच्चीवर किंवा मोठ्या कॅथेड्रलच्या, ला माजोरच्या कठड्यापाशी उभं राहा आणि उत्तरेकडे बघा. पांढऱ्या फेरीबोटी, क्रेन, लांब धक्का, बाहेरची लाट अडवणारी भिंत. तिथे डोळ्यांसमोर सगळं बसतं.

ऋता_डेल्फ्ट

शेखरदादा, खूप खूप धन्यवाद, मी हे सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं आणि ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले हेगचं आधी का नाही सांगितलंस, तू तिथे इतकी वर्षं राहतेस. आता दोन्ही पक्कं.

अवनी, लिफ्टची युक्ती सोन्यासारखी आहे. अजून दोन प्रश्न. एक, आईच्या खाण्याचं काय करू? दोन, ती टेकडीवरची मोठी चर्च सगळ्या फोटोंत दिसते तिथे जाता येईल का? आणि बाबांचं अजून एक, सागरावरची ती प्रसिद्ध कविता मार्सेयलाच लिहिली ना, असं ते म्हणत होते.

गिरगावचा_शेखर

नाही, ती ब्रायटनच्या किनाऱ्यावरची, इंग्लंडमधली, मार्सेयच्या आधीची. हा घोळ पुष्कळांचा होतो.

कावेरी_प

खाण्याचं मी सांगते. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो आणि त्या कांदा-लसूण खातात पण बाकी एकदम कडक. मार्सेय शाकाहारी माणसाला पॅरिसपेक्षा सोपं गेलं, कारण उत्तर आफ्रिकेचं खाणं.

पहिलं म्हणजे पानिस. चण्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करतात, थापतात, गार झालं की कापून तळतात, वरून मीठ मिरपूड. आपली पाटवडी तळली तर जशी लागेल तशीच. लेस्ताक म्हणून उत्तरेला समुद्रकाठी उपनगर आहे, सेझान वगैरे चित्रकार तिथे राहून चित्रं काढायचे, तिथल्या टपऱ्यांवर ताजी मिळते कागदाच्या पुडीत, आणि सोबत शिशी फ्रेजी म्हणून साखर घोळवलेला लांब तळलेला गोड पदार्थ, त्यात अंडं घालतात का ते विचारून घ्या. इतक्या लांब जायचं नसेल तर शहरातही पानिस मिळते.

दुसरं म्हणजे नोआय. बंदरापासून कानबिएर रस्त्याने वर चालत दहा मिनिटं, कापुसँ बाजार. जिरं, धणे, हरिसा, पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्हचे ढीग, खजूर, सगळं उघड्यावर मांडलेलं. आमच्या सासूबाईंना पॅरिसमधलं काहीच इतकं आवडलं नाही जितकी ती कोथिंबिरीची जुडी बघून त्या खूष झाल्या. तिथे महजूबा मागा, रव्याची पातळ चौकोनी पोळी, आत परतलेला कांदा टोमॅटो आणि तिखट, समोर तव्यावर भाजून देतात. लब्लाबी म्हणजे ट्युनिशियन काबुली चण्याचं गरम सूप, जिरं आणि पाव घालून, पण त्यावर बऱ्याचदा अंडं आणि ट्यूना घालतात तेव्हा आधीच सांगायचं की नको. भाज्यांचा कुसकुस मागवला तरी रस्सा मटणाचा असू शकतो, हे नक्की विचारा. आणि सगळ्यात फसवं म्हणजे तापनाद, काळ्या ऑलिव्हची चटणी, दिसायला निरागस पण त्यात अँकोव्ही मासे वाटलेले असतात, ब्रेडबरोबर न विचारता आणून ठेवतात.

नोआयमधून र्यु दोबाञ्यवर गेलात तर मध्येच घरांच्या रांगेत मोकळी जागा दिसेल. 5 नोव्हेंबर 2018 ला तिथे जुन्या इमारती कोसळून आठ माणसं गेली. त्यानंतर शहरभरातल्या धोकादायक इमारतींमधून हजारो लोकांना घर सोडावं लागलं. फुलं, फोटो ठेवलेले असतात. बाजार बघायला गेलात तर तिथेही दोन मिनिटं थांबा, एवढंच.

गोडात नाव्हेत घ्या, नावेच्या आकाराची कडक बिस्किटं, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेली, सेंट व्हिक्टर मठाजवळ 1781 पासूनची भट्टी आहे. अंडं असतं बऱ्याच ठिकाणी, विचारा. मठाच्या खालचं तळघर फार जुनं आहे, दगडी शवपेट्या, पाचव्या शतकापासूनचे अवशेष, पण तिथे पायऱ्या आहेत, आई वर बसतील.

तुमच्या मिस्टरांना बुयाबेस खायची असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा. खरी असेल तर मासे ताटात वेगळे येतात, केशर घातलेला रस्सा वेगळा, पावाचे तुकडे आणि रुई नावाची लसणाची तिखट चटणी वेगळी. मूळ कोळ्यांचं साधं खाणं, न विकलेले खडकाळ मासे उकळून केलेलं, पण आता माणशी 60-70 युरो आणि वर. बंदरावर 25 युरोचा बोर्ड दिसला तर ते फक्त फिश सूप आहे असं समजा.

रानवारा

मी जरा उलट बोलतो. दोन दिवस मार्सेयला दिले तर त्यातला अर्धा दिवस तरी शहराबाहेर काढा. कालांक बघायला नाही गेलात तर काय बघितलंत? शहर संपतं तिथूनच पांढरे चुनखडीचे कडे सुरू होतात आणि निळं पाणी आत शिरलेलं असतं, 2012 पासून नॅशनल पार्क आहे. चालत जायला आईंना जमणार नाही, दगड सुटे आहेत, पण जुन्या बंदरातून बोटी जातात, बसूनच सगळं दिसतं. इतिहास कितीही भारी असला तरी हा समुद्र बोटीतून बघितलाच पाहिजे.

आणि बोट नसेल जमत तर म्युसेमच्या शेजारी कोस्केर मेदितेराने आहे, 2022 ला उघडलं. खरी गुहा कालांकमध्ये समुद्राखाली आहे, आँरी कोस्केर या पाणबुड्याला 1985 मध्ये सापडली, तोंड पाण्याखाली 37 मीटरवर. हजारो वर्षांपूर्वी समुद्र खूप खाली होता, तेव्हा माणसं चालत आत गेली आणि भिंतीवर घोडे, हातांचे ठसे आणि पेंग्विनसारखे पक्षी काढून आली. समुद्र वर चढतोय, खालची चित्रं जातायत, म्हणून हुबेहूब प्रतिकृती केली. त्यात छोट्या गाडीत बसवून फिरवतात, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्नच नाही. तिकीट आधी काढा.

अवनी_प्रोव्हान्स

रानवारा, बोटीचं म्हणणं पटलं, पण मिस्त्राल असेल तर बोटी रद्द होतात, कोणी काही करू शकत नाही. हा वारा उत्तरेकडून येतो, आकाश अगदी स्वच्छ करतो, ऊन कडक आणि अंगातून थंडी जाते. ऋता, आई-बाबांसाठी कानटोपी आणि विंडचीटर घ्याच, सप्टेंबर आहे म्हणून गाफील राहू नका. बोटीचं तिकीट पहिल्याच दिवशी हवामान बघून ठरवा, रद्द झाली तर दुसरा दिवस हातात राहतो.

टेकडीवरची चर्च म्हणजे नोत्र दाम द ला गार्द, लोक तिला बोन मेर म्हणतात, चांगली आई. जुन्या बंदरावरून 60 नंबरची बस वरपर्यंत जाते, शेवटी थोड्या पायऱ्या आहेतच, पण आईंना बसच्या थांब्यापाशी बसूनही अख्खं शहर दिसेल. जमलं तर मात्र आत नेच. ही 1864 ची, वर सोन्याचा मुलामा दिलेली अकरा मीटरची मूर्ती, पण खरं बघायचं आत. छताला दोऱ्यांनी छोट्या छोट्या बोटी टांगलेल्या असतात, शिडाच्या, आगबोटी, मासेमारीच्या. भिंती नवसाच्या संगमरवरी पाट्यांनी भरलेल्या, आणि चित्रं, वादळात सापडलेली बोट, कोपऱ्यात ढगातून दिसणारी मेरी, खाली तारीख आणि बोटीचं नाव. समुद्रावरून जिवंत परत आलेल्यांनी आणून लावलेली. आईला हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. बाहेरच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत, ऑगस्ट 1944 मध्ये शहर सोडवताना इथे लढाई झाली, आणि वर चढलेल्या सैन्यात बरेचसे अल्जीरियन शिपाई होते.

तळेगावकर

शिपायांवरून आठवलं, इथे कोणीच माझार्गचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. शहराच्या दक्षिणेला माझार्ग म्हणून युद्धस्मशान आहे. 26 सप्टेंबर 1914 ला पहिल्या महायुद्धातली हिंदी फौज युरोपात पहिल्यांदा उतरली ती मार्सेयला. ऋता, तुम्ही जाताय तेच दिवस. लाहोर डिव्हिजन आधी आली, तिच्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या होत्या. उन्हाळी कपड्यांत आलेली पोरं, महिन्याभरात उत्तरेच्या चिखलात नव्ह शापेलला लढत होती, आणि सॅपर्सच्या त्या दोन कंपन्यांमधले जवळपास सगळे अधिकारी आणि खूप जवान 28 ऑक्टोबरला एकाच दिवसात मारले गेले किंवा जखमी झाले.

माझार्गला हिंदी सैनिकांच्या कबरी आहेत आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांची स्मारकभिंत आहे, 1925 ला उभारलेली. फेब्रुवारी 2025 मध्ये मोदी आणि माक्राँ दोघे तिथे जाऊन आले तेव्हा बातम्यांत आलं होतं. जागा शांत, सपाट, गवत नीट कापलेलं, गुडघ्यांना त्रास नाही. टॅक्सीने जा. वाटेत तुमच्या मिस्टरांना ल कोर्बुझिए या वास्तुकाराची उंच बिल्डिंग दाखवा, 1952 ची, चंदीगडवाला तोच, गच्चीवर जाता येतं. माझं म्हणणं एवढंच की सावरकरांसाठी तिथे जाताय तर या पोरांनाही अर्धा तास द्या. त्यांची नावं वाचायला आपल्याकडचं फारसं कुणी जात नाही.

ऋता_डेल्फ्ट

हे अजिबात माहीत नव्हतं. नक्की जाऊ. आईचे आजोबा खडकीला नोकरीला होते, ती ऐकूनच म्हणाली मी पण येते.

मांडवी_तीर

गोव्यातून नमस्कार. एक गंमतीची माहिती देते, मुलं असतील बरोबर तर आवडेल. जुन्या बंदरातून समोर इफ बेट दिसतं, त्यावरचा किल्ला एका फ्रेंच कादंबरीमुळे सगळ्या जगाला माहीत झाला, पण त्या बेटांशी आपलंही नातं आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना एक गेंडा भेट दिला होता. जानेवारी 1515 मध्ये तो गोव्याहून बोटीवर चढला, मे महिन्यात लिस्बनला उतरला, युरोपने तर हजार वर्षांत जिवंत गेंडा बघितलेला नव्हता. पोर्तुगालच्या राजाने तो पोपला पाठवला, वाटेत 1516 च्या सुरुवातीला मार्सेयजवळच्या बेटावर थांबवला आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम बघायला आला. पुढे इटलीजवळ वादळात बोट बुडाली, बिचारा साखळीत होता त्यामुळे पोहता आलं नाही. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने काढलेलं गेंड्याचं ते प्रसिद्ध चित्र याच गेंड्याचं, त्याने स्वतः तो कधी बघितला नव्हता, नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून काढलं. इफचा किल्ला त्यानंतर थोड्याच वर्षांनी त्याच राजाने बांधायला घेतला. बेटावर उतरताना पायऱ्या आहेत, आई-बाबांनी बोटीतून लांबून बघितलं तरी पुरे.

अवनी_प्रोव्हान्स

ऋता, सगळं मिळून असं करा. पहिल्या दिवशी सकाळी मासेबाजार, उत्तरेचा धक्का, म्युसेमची गच्ची आणि किल्ला, पानिएत जेवण, खोलीवर आराम, संध्याकाळी मेट्रोने जोलिएत आणि ला माजोरच्या कठड्यावरून गोदी, कारण तेव्हा फेरीबोटी सुटतात आणि बाबांना हलणारी बोट दिसेल. दुसऱ्या दिवशी वारा नसेल तर सकाळी बोट, वारा असेल तर कोस्केर, मग टॅक्सी करून माझार्ग आणि परत येताना बोन मेर. नोआयला दुपारच्या आत जा, नंतर टपऱ्या आवरायला लागतात. वेळ उरला तर बंदराजवळ इतिहास म्युझियम आहे, शॉपिंग सेंटरला लागूनच, 1967 मध्ये ते सेंटर बांधताना खाली ग्रीकांचं जुनं बंदरच सापडलं, आत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बोटींचे सांगाडे आहेत, कायम प्रदर्शनाला तिकीट नाही.

पाकीटमारीचं, मेट्रोत आणि कापुसँ बाजारात पर्स पुढे धरा, कॅफेत टेबलावर फोन ठेवू नका, रात्री उशिरा स्टेशनच्या मागच्या गल्ल्या टाळा. बाकी मी इथे एकटी राहते आणि रात्री चालत घरी येते. घाण आहे, खोटं कशाला बोलू, कचरा वेळेवर उचलत नाहीत आणि वाऱ्याने उडतो. आईंसाठी मेसेज करा, मी मराठीत एक चिठ्ठी आणि तीच फ्रेंचमध्ये लिहून देते, मांस मासे अंडं चिकन स्टॉक काही नको अशी, हॉटेलात नुसती दाखवायची.